चार चाकांचा मोजणीदार

नंदुरबार जिल्ह्यात कुणाच्याही दारात उभं राहा, पाण्याचा तांब्या आधी येतो आणि नाव-गाव नंतर विचारतात. आमच्या नाशकात हा क्रम उलटा आहे, आणि बरेचदा तांब्या येतच नाही. पण पाणी पिऊन आणि नाव सांगून झालं की तिकडे मला एक तिसरा प्रश्न विचारला जायचा. समोरचा माणूस माझ्या पायाखालच्या फळीकडे बघायचा, मग हेल्मेटकडे, मग डोळे बारीक करून हळूच म्हणायचा, "तुमले कोनी धाडं?"

मला कोणी पाठवलं? कोणीच नाही. मी चोपन्न वर्षांचा चष्मेविक्या, स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या हौसेनं आलो होतो. हे मी प्रत्येकाला खरंखरं सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर प्रवास बहुधा सुरळीत पार पडला असता.

आमच्या घरात स्केटबोर्ड दोन आहेत. पोरांचे नव्हेत, एक माझा आणि एक माधुरीचा, म्हणजे बायकोचा. उड्या मारायचे आखूड बोर्ड वेगळे. आमच्या फळ्या लांब आणि लवचीक, चाकं मोठी आणि मऊ. एक पाय फळीवर, दुसऱ्यानं जमीन मागे ढकलायची, दमलं की पाय बदलायचा. बस, एवढंच. दिवसभर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा मी चालण्याच्या कंटाळ्यावर हा तोडगा काढला, आणि माझी चेष्टा करायला म्हणून फळीवर चढलेली माधुरी पुन्हा खाली उतरलीच नाही. अडचण एकच, गाड्या नसलेला लांब रस्ता महाराष्ट्रात सापडणार कुठे?

तो माधुरीच्या माहेरी सापडला. तिचं माहेर शहाद्याचं. लोणखेड्याच्या पुढून तळोद्याच्या बाजूला जाणारा एक नवाकोरा काँक्रीटचा रस्ता तयार होऊन पडला आहे, पण दोन्ही टोकांचे पूल अर्धवट असल्यामुळे त्यावर गाडी चढूच शकत नाही, असं तिच्या भावानं फोनवर सांगितलं. म्हणजे रस्ता आहे, पण रस्त्यावर यायला रस्ता नाही. तीसेक किलोमीटर, सपाट, रिकामा. आम्ही दोन दिवसांची आखणी केली. निम्मा रस्ता पहिल्या दिवशी, उरलेला दुसऱ्या दिवशी, आणि अट अशी की एक पाऊलही चालायचं नाही, सगळं अंतर चाकांवर. अट माझीच. माधुरी म्हणाली होती, "अहो, अट घालू नका, तुमच्या अटी तुम्हालाच नडतात."

लोणखेडा

हिवाळ्याचे दिवस होते. लोणखेड्यात कॉलेजची पोरं चहाच्या गाड्यांवर उभी होती आणि त्यांनी आमच्या फळ्यांकडे फारसं लक्ष दिलं नाही. संशय घ्यायला वय लागतं. ते वय शेजारच्या किराणा दुकानात गादीवर बसलं होतं. दोन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेले एक शेठ, गळ्यात चष्म्याची दोरी, जिभेवर चार भाषा. त्यांच्याकडे मी खडूची पेटी मागितली.

"मास्तर शेतस का तुम्ही?"

"नाही. रस्त्यावर खुणा करायला हवेत."

"कोनता रस्तावर?"

"हा नवा झालाय ना, त्याच्यावर."

शेठनी पेटी काढलेला हात तसाच ठेवला. "कोनतं खातं तुमनं? बांधकाम का पाटबंधारे?"

"खातं वगैरे काही नाही हो. हौस."

"हौस," शेठ म्हणाले, अगदी गोड म्हणाले, आणि एका पेटीबरोबर दुसरी पेटी फुकट दिली. दुकानदार माणूस फुकट देतो तेव्हा मला घाम फुटतो, कारण मीही दुकानदारच आहे. मी मागे वळून पाहिलं. शेठ फोन कानाला लावून माझ्या पाठीकडे बघत होते.

खडूचं कारण साधं होतं. काँक्रीटच्या रस्त्याला ठराविक अंतरावर सांधे असतात. सांधा नीट भरलेला असला तर चाक टक् करून पार होतं. खचलेला असला तर चाक अडकतं आणि माणूस पुढे एकटाच जातो. आमच्यात जो पुढे असतो तो वाईट सांध्याला खडूनं गोल करतो आणि कुठल्या बाजूनं जायचं त्याचा बाण काढतो. मागचा माणूस वाचतो. माधुरी मागे असते, कारण आपण सावकाश जातो असं तिचं म्हणणं आहे. मला वाटतं, मी पडताना समोरून दिसावं म्हणून.

मुरमाचा ढीग चढून आम्ही रस्त्यावर उतरलो आणि मी खरोखर टाळी वाजवली. काय रस्ता! उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, डावी-उजवीकडे ऊस, केळी, कापसाची उभी काडं, आणि मध्ये पांढरी, रिकामी, दोन पदरी लांबच लांब पट्टी. ना भोंगा, ना धूर. फक्त चाकांचं टक्, टक्, टक्. एका कुत्र्यानं आमच्याबरोबर पाव किलोमीटर पळून पाहिलं, भुंकायचं की नाही हे त्याला ठरवता येईना, आणि शेवटी तो बसून विचार करू लागला.

पपईची बाग

दुपारच्या सुमारास एका मोरीच्या कठड्यावर एक म्हातारबाबा बसलेले दिसले. मागे त्यांची पपईची बाग. ते वाट बघत होते. माझीच. हे मला त्यांनी हात वर करून थांबवलं तेव्हा कळलं.

"येवा साहेब. लोनखेडाना शेठना फोन व्हता."

पाणी आलं. नाव विचारून झालं. मग बाबांनी बोर्डकडे बोट दाखवलं. "उलटं करा बरं ते."

मी उलटं केलं. त्यांनी एक चाक बोटानं फिरवलं, कान लावून ऐकलं, दुसरं फिरवलं. "कितलं व्हयनं आते लगून?"

"काय कितलं?"

"मोजं ना तुम्ही."

"बाबा, मी काही मोजत नाही."

"मंग चाकं कशाले?"

 त्यांनी मला कागदात गुंडाळलेली एक पिकी पपई दिली, मला नको असतानाही पिशवीत कोंबली आणि म्हणाले, "मन्ही बाग जुनी शे. रस्ताना आधीनी." मी मान डोलावली. बागेच्या वयाचा माझ्याशी काय संबंध, हे मला कळेना, पण पपईचा मला संशय आला. अशी बिनकारण पपई नाशकात कोणी देत नाही.

पुढच्या थांब्यावर माधुरी येऊन टेकली. तिच्याही पिशवीत पपई होती.

"त्या बाबांनी मला विचारलं, पुढले साहेब स्वभावाने कसे आहेत?"

"मग?"

"मी म्हटलं, कडक आहेत."

"अगं!"

"मग काय सांगू? लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, मला तरी दुसरं काय माहीत आहे?"

तिला सगळा प्रकार तेव्हाच कळला होता. ती अहिराणीत वाढलेली, मोरीवर दहा मिनिटं गप्पा मारून आलेली. मला तिनं काही सांगितलं नाही. नंतर विचारल्यावर म्हणाली, "तुम्ही मजेत होतात, कशाला मोडू?"

हिराबाईची मिरची

ऊन कलायला लागलं तसा पुढे रस्त्याचा डावा पदर लाल दिसू लागला. जवळ गेलो तर मिरची. पदरभर रुंद आणि लांबवर पसरलेली, कडेला दगडांची रांग, दोन्ही टोकांना बाभळीच्या फांद्या. तापलेल्या काँक्रीटवरून तिखट वाफ नाकात शिरत होती. नेमका तिथेच, मिरचीच्या अलीकडे, एक सांधा खचलेला. उजवीकडे खडीचा ढीग, म्हणून डावीकडून, मिरचीच्या कडेनं, जायला हवं होतं. मी उतरलो, गोल काढला आणि डावीकडे बाण.

"थांबा हो भाऊ! काय लिखी ऱ्हायनात आठे?"

रस्त्याखालच्या घरातून एक बाई लाकडी दाताळं घेऊन वर आली. पंचेचाळिशीची, कमरेला पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत लाल. ही हिराबाई. तिच्यामागून तिचा दीर सुपडू, आणि त्याच्यामागून गावातली आठ-दहा माणसं. इतकी माणसं एकदम येतात ती सहज येत नाहीत. मोरीवरच्या बाबांचाही फोन आला असणार.

"हाऊ बान मन्हा घरकडे काबरं शे?"

"तो घराकडे नाही बाई. डावीकडून जा, एवढंच."

"कोनी जावानं?"

"माझ्या बायकोनं."

लोकांत हशा झाला. सुपडू पुढे आला. "बायकोले वाट दखाडाले सरकारी रस्तावर बान काढस का कोनी?"

मी हसलो. एकटाच हसलो, कारण बाकीच्यांचं हसून झालं होतं. मग मला ती जुनी गोष्ट सांगण्यात आली, आणि ती ऐकताना माझं हसू हळूहळू खाली उतरलं. रस्त्याच्या आधी काही वर्षं तिथे एक माणूस आला होता. त्याच्या हातात दांडा, दांड्याला खाली एक चाक. तो ते चाक ढकलत बांधाबांधानं फिरला, चहा प्यायला, सगळ्यांशी गोड बोलला, मध्येच वाकून चुन्याच्या खुणा केल्या आणि निघून गेला. कोण आहेस, तर म्हणे सहज आलोय. त्यानंतर दगड आले, मग मशीन आलं, आणि जिथे त्याची खूण होती तिथून बरोबर जमीन गेली.

"तो एक चाकवर ऊना व्हता," सुपडू म्हणाला, "हाऊ चार चाकवर ऊना. मन्जे यंदा चौपट जाई."

आता मला पपई समजली.

मी माधुरीकडे बघितलं. ती नुकतीच येऊन पोचली होती, बाणानुसार अचूक डावीकडून. "हिला विचारा! ही तुमच्याच बाजूची, शहाद्याची!"

सगळे तिच्याकडे वळले. "ताई, कोन शेतस ह्या?"

"मन्हा मालक," माधुरी म्हणाली. एवढं बोलून थांबली असती तर! पण पुढे म्हणाली, "घरमा बी असाच बान काढतस."

सुपडूला माझ्या बाणात स्वतःचा फायदा दिसत होता, हे मला लवकरच कळलं. त्या भागात मिरची ओलीच तोडून नंदुरबारच्या मार्केटला नेतात. वाळवायचं काम व्यापाऱ्यांचं, त्यांच्या मोठमोठ्या मैदानांवर, ज्यांना पथारी म्हणतात. हिराबाईचा नवरा सुरतेला कारखान्यात, होळीला घरी येणार. शेताचं सगळं दीर ठरवायचा. या वर्षी हिराबाई अडून बसली. मिरची घरीच वाळवणार, वाळलेली विकणार, भाव जास्त मिळतो तर व्यापाऱ्यानं का घ्यावा? रस्ता रिकामाच होता. तिनं तोड झाल्यावर सगळा माल त्यावर पसरला, आणि गावानं बायामाणसांसकट बघ्याची भूमिका घेतली. ही मिरची नीट वाळली तर पुढल्या हंगामापासून शेतात तिचा शब्द चालणार होता. नासली तर पुन्हा कधीच नाही. हे कोणी लपवून बोलत नव्हतं, चारचौघांत चाललं होतं.

"वहिनी, मी सांगेल व्हतं ना," सुपडू म्हणाला. "सकाय मशीन येई. आजच उचली टाक. अर्धी ओली तर अर्धी ओली, गाडी बलावस नि मार्केटले टाकी येस."

"आखो दोन ऊन लागतस तिले. आते भरी ते काळी पडी."

मला राहवलं नाही. "अहो, कोणीही येणार नाही! राहू द्या मिरची इथेच!"

 सुपडू हळूच म्हणाला, "दखा. राहू द्या म्हनस. काबरं म्हनस?"

हे भलतंच होतं. उचला म्हटलं तर मी सरकारी, ठेवा म्हटलं तर मी डाव टाकणारा सरकारी. मी तोंड मिटलं, तर एक आजी म्हणाल्या की गप्प बसला म्हणजे पक्काच.

निकाल हिराबाईनं दिला. तिनं दाताळं रस्त्यावर आपटलं. "हाऊ आठेच ऱ्हाई. मन्ही मिरचीजोडे. दोन दिन. मशीन उनं ते पहिले याना आंगवर जाई, मंग मन्ही मिरचीवर."

आणि माझा बोर्ड उचलून तिनं मिरचीच्या ढिगाखाली सरकवला. संध्याकाळी दवापासून वाचवायला मिरची गोळा करून वर ताडपत्री घालतात. त्या ताडपत्रीखाली, मिरचीच्या पोटात, माझा प्रवास तारण पडला.

जेवण मात्र पाहुण्यांचं मिळालं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी, शेंगदाणा तेलात परतलेलं वांग्याचं भरीत, आणि त्याच मिरचीच्या हिरव्या बहिणींचा ठेचा. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. हिराबाई समोर बसून बघत होती. मला वाटतं, चौकशीची ही जुनी पद्धत असावी. त्या ठेच्यावर माणूस खोटं बोलूच शकत नाही.

"आते सांगा, कोनी धाडं?"

"कोणीच नाही," मी हुंदका देत म्हणालो.

"घट्ट शे," ती माधुरीला म्हणाली. थोडं कौतुकानंच.

तारण

सकाळी दव सुकल्यावर ताडपत्री उघडली आणि मला कामाला लावण्यात आलं. तारणाला बसून खायला कोण घालेल? मिरची पुन्हा पसरायची, दाताळ्यानं ओळी पाडायच्या, तासाभरानं त्या उलट्या करायच्या. नाकाला रुमाल बांधला तरी मी शिंकत होतो. एका शिंकेला हिराबाई म्हणाली, "खातंनी हवा शे का अशी तुमना हापिसमा?" तासाभरानं मी कपाळावरचा घाम पुसला, तो डोळ्यांसकट. त्यानंतर काही वेळ मी जे बोललो ते छापता येणार नाही. हिराबाईनं माझ्या दोन्ही हातांची बोटं ताकाच्या भांड्यात बुडवली, पाण्यानं डोळे धुवायला लावले, आणि पहिल्यांदाच मोकळी हसली. "सरकारी मानूस मिरचीले हात लावस नही," ती माधुरीला म्हणाली. माझ्या बाजूचा हा पहिला पुरावा.

माधुरी या सगळ्या वेळात खाटेवर बसून शेंगा सोलत होती. तिला कोणी तारण ठेवलं नव्हतं. तिनं माझ्या सुटकेचा प्रयत्नही केला नाही. "दोन दिवस नीट बसा एका जागी," म्हणाली, "नाशकात कधी बसता?"

दुपारी हिराबाईनं एक मिरची उचलून माझ्या कानाशी हलवली. काही ऐकू आलं नाही. "वाजस नही ना? बी आखो ओलं शे." मग कडेची, आधी पसरलेली, एक मिरची घेतली. ती अगदी बारीक खुळखुळली. हिराबाईचा चेहरा त्या आवाजानं असा उजळला की मी मनातल्या मनात ठरवलं, ही मिरची वाळायलाच हवी. माझा प्रवास गेला चुलीत. तेव्हा ती माझ्याशी अगदी बरोबरीनं बोलत होती, "ए भाऊ, तिकडलं उलथं पाड" म्हणत होती, नाशकात चष्म्यांना काय भाव पडतो ते विचारत होती. मला वाटतं, तिचा संशय जवळजवळ फिटला होता.

तेवढ्यात पश्चिमेकडून धूळ उठली.

आधी एक ट्रॅक्टर आला. त्याच्यापुढे रस्त्याइतका रुंद, गोल फिरणारा झाडू लावलेला. मागे एक टेम्पो, त्यात पांढऱ्या रंगाचे डबे आणि चार माणसं. कुठल्या तरी टोकाला मुरमाचा ढीग फोडून त्यांनी वाट काढली होती. पट्टे मारायला आले होते, आणि पट्ट्यांआधी रस्ता कडेपासून कडेपर्यंत झाडला जाणार होता.

मी मागे पाहिलं. हिराबाई, सुपडू, आजी, सगळं गाव. कोणीही ट्रॅक्टरकडे बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. 

टेम्पोतून मुकादम उतरला. "ए बाई, चलो, उठाव ये सब. अर्ध्या तासात साफ पाहिजे."

अर्ध्या तासात तेवढी मिरची पोत्यांत भरायची म्हणजे ओली-सुकी एकत्र, तुडवलेली, काळी पडायला तयार. सुपडूनं खिशातून फोन काढला होता, गाडी बोलावायला.

मग माझ्या अंगात काय शिरलं ते मला सांगता येत नाही. मी मिरचीच्या ढिगाजवळ पडलेलं हेल्मेट उचलून घातलं. गुडघ्यांना ढालपट्ट्या होत्याच, अंगावर दिसायला सोपं म्हणून घालतो ते नारिंगी जाकीट होतं, डोळे ठेच्यानं आणि मिरचीनं रक्तासारखे लाल. हात पाठीमागे बांधले आणि मी अतिशय सावकाश चालत मुकादमासमोर गेलो. त्याच्याकडे बघितलं. मग रस्त्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"येताना सांधे बघितलेत?"

मुकादम चमकला. "कोनते सांधे?"

मी बोटानं सांध्यावरचा खडूचा गोल दाखवला. "हे. असे लोणखेड्यापासून इथपर्यंत आहेत."

त्यानं वाकून गोल बघितला, बाण बघितला, सांध्यात बोट घातलं. ते बोट बरंच आत गेलं. उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"ये निशान कोणी केले, साहेब?"

"मी."

यात एक शब्द खोटा नव्हता. मी कुठल्या खात्याचा हे मी बोललो नाही, त्यानं विचारलं नाही. लोणखेड्यापासून तळोद्यापर्यंत हा प्रश्न मला न विचारणारा तो एकमेव माणूस.

"साहेब, सांधे आमचे नाहीत. ते दुसऱ्या पार्टीनं भरले. आम्ही फक्त पट्टे."

"माझं काम अजून पुढच्या टोकापर्यंत व्हायचं आहे," मी म्हणालो. हेही खरंच. "मध्ये हा झाडू फिरला तर माझ्या खुणा राहतील का?"

"नाही राहणार, साहेब."

"मग?"

मुकादम बाजूला जाऊन फोनवर कुणाशी तरी कुजबुजला. "हो, हेल्मेट आहे... हो, खडूनं... सगळीकडे..." एवढंच मला ऐकू आलं. परत आला तो हात जोडूनच. "चार दिवस थांबतो आम्ही. तुमचं होऊ द्या आरामात. फक्त आमचं नाव मध्ये घेऊ नका." जाता जाता त्यानं ट्रॅक्टरवाल्याला दरडावलं, "बाईच्या मिरचीवर धूळ उडवू नको, साहेब उभे आहेत!"

धूळ बसली. मी हेल्मेट काढलं, गावाकडे वळलो, आणि नाटक संपल्यावर मिळते तशी टाळी मिळेल म्हणून किंचित वाकलोसुद्धा.

टाळी नाही. खुर्ची आली. प्लास्टिकची, निळी, कुणाच्या तरी घरून पळत आणलेली. दाताळं माझ्या हातून काढून घेण्यात आलं.

"हिराबाई, अहो, मी त्याला फसवलं! तुमच्यासमोर फसवलं!"

"हा साहेब," हिराबाई म्हणाली. पदर डोक्यावर घेऊन. सकाळचं "ए भाऊ" गेलं ते गेलंच. "आम्ही कोनले काय सांगतस नही."

"मी खरंच चष्मे विकतो हो!"

"विकत व्हशात साहेब, सुट्टीना दिन."

मी माधुरीकडे धाव घेतली. ती शेंगा संपवून टरफलं झटकत होती. "आता मला विचारू नका," ती म्हणाली. "तुम्हाला हात पाठीमागे बांधून चालायला कोणी सांगितलं होतं?"

त्या संध्याकाळी मला चुलीजवळ बसू दिलं नाही. पाट, वेगळं ताट, आणि ठेचा गायब. साहेबांना तिखट सोसत नाही असं ठरलं होतं. बाहेर सुपडू कुणाला तरी फोनवर सांगत होता की आता मिरची मार्केटला नेऊ नका, ओली असेल तशी राहू द्या. मला वाटलं, चला, दीर भावजयीचं ऐकायला लागला. मी समाधानानं झोपलो.

तळोद्याच्या दिशेला

सकाळी हिराबाईनं बोर्ड स्वतः पुसून दिला. चाकांत मिरचीचं बी अडकलं होतं, तेही काडीनं काढलं. ऊन पडल्यावर मधल्या भागातून तिनं एक मिरची उचलली आणि माझ्या कानाशी धरली. अंतर ठेवून, अदबीनं. खुळखुळली.

"आज संध्याकायले भरस," ती म्हणाली. सुपडू शेजारी उभा होता. तिनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, "तू पोती झाडी ठेव." तो पोती झाडायला गेला.

मी फळीवर चढलो, पाय मारला, आणि वळणापर्यंत मस्त गेलो. टक्, टक्, टक्. माझी अट शाबूत होती, आतापर्यंत अंतर कापायला एक पाऊलही चाललो नव्हतो. उरलेला निम्मा रस्ता, मग तळोदा, मग चहा.

वळणापलीकडे रस्ता लाल होता.

डावा पदर लाल, उजवा पदर लाल, मध्ये पांढरं बोटभरही नाही. नजर पोचेल तिथपर्यंत बाया, गडी, आजोबा मिरची ओतत होते, पसरत होते, दगड मांडत होते. ट्रॉल्या शेतांतून चढत होत्या. मार्केटला निघालेली मिरची रात्रीतून परत फिरली होती. हिराबाईची वाळली, आमची का नाही? आणि चार दिवस रस्त्याला कोणी हात लावणार नाही, खुद्द साहेबांनी मशीन परत पाठवलं आहे.

मी कडेला थांबलो. एका आजोबांना म्हटलं, "बाबा, थोडी जागा ठेवाल का? फळीपुरती. एवढीशी."

त्यांनी ओळखलं. पागोटं सारखं केलं. "साहेब, जागा कशी ऱ्हाई? तुम्हीच ते चार दिन बोलेल शेतस."

मागून माधुरी आली. तिनं एकदा ती लाली बघितली, फळीवरून उतरली, फळी काखेत घेतली आणि रस्त्याखाली कापसाच्या बांधावर उतरून चालू लागली. 

मी तरी अजून उभा होतो. एक पाय फळीवर, दुसरा काँक्रीटवर. मनात आलं, अगदी कडेनं, दगडांना घासून...

"साहेब!" आजोबा ओरडले. "मिरची शे! खाले उतरा!"

मी खाली उतरलो. वरून लोक हात जोडत होते, मी मान डोलावत होतो, आणि ज्या रस्त्याचा मी त्या दिवशी सगळ्यात मोठा अधिकारी होतो, त्याच्याखालच्या ढेकळांतून फळी डोक्यावर घेऊन तळोद्यापर्यंत चालत गेलो.